मामांची शहाणी पैज

आज सकाळी रामनगरच्या नाक्यावर एक टेम्पो उभा होता. मागे पेंढ्यावर पाच-सहा शर्यतीची कुत्री, लांब तोंडाची, पोटं खपाटीला गेलेली, अंगावर झुली घालून निवांत पसरलेली. शर्यत कुठे, ते विचारलं नाही. सुगी उरकून खाचरांत नुसती खुंटं उरली की आमच्या जोयड्याच्या मुलखात हे टेम्पो दिसायचेच. पेंढ्याचा आणि कुत्र्यांच्या अंगाला चोळलेल्या करंजाच्या तेलाचा वास नाकात शिरला आणि मला माझे मामा आठवले.

मामा कुत्र्यांवर पैज लावत, पण काय शिस्तीत! निघताना मामी त्यांच्या टॉवेलच्या टोकाला ठरलेल्या नोटा गाठ मारून बांधायची. ती गाठ रिकामी झाली की मामा घरी, मग पुढची फेरी कितीही रंगो. लोक कुत्र्याची उंची बघत, मालकाच्या मिशा बघत. मामा बघत ते फेरी पळून परत चालत येणारं कुत्रं. पाय उचलून टाकतंय का, धाप किती वेळात बसते, पाणी अधाशासारखं पितंय का. आणि स्वतःच्या कुत्रीवर पैज लावायची नाही, हा तर त्यांचा सर्वांत मोठा नियम. "आपल्या कुत्रीला आपुन मायेनं बघतोय, डोळ्यानं न्हाई," असं ते म्हणत. खरं सांगायचं तर मला तेव्हा हा माणूस जरा कंटाळवाणाच वाटे.

त्यांची एक बदामी रंगाची कुत्री होती. पिल्लू असल्यापासून तिला एकच धडा दिलेला: भाताच्या खाचरात पाय टाकायचा नाही, बांध आला की थांबायचं. त्या सुट्टीत मामांकडे गेले तेव्हा मीच तिच्यामागे "बांध, बांध!" ओरडत फिरले. शहाणी इतकी, की दोन दिवसांत शिकली.

एका वर्षी शर्यतीत खानापूरकडच्या एका मालकानं मामांना चारचौघांत डिवचलं. "पावणं, दुसऱ्याच्या कुत्र्यावर शहानपना सोपा हाय! लावा की तुमची. माझं हरलं तर ते तुमचं, तुमची हरली तर ती माझी." मी मामांची बाही ओढली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "व्हय, लावली," ते म्हणाले. झालं! सगळे नियम गेले चुलीत.

बांध फोडून, खाचरं एकसारखी करून धाव आखली होती. फक्त शेवटच्या खाचराचा बांध वीतभर तसाच राहिलेला. दोरीनं ओढलेल्या खोट्या सशामागे आमची कुत्री अशी सुटली की दुसरं कुत्रं कुठल्या कुठे मागे पडलं. तेवढ्यात तो बांध आला, आणि ती थांबली. चक्क थांबली हो! जीभ बाहेर काढून, शेपटी हलवत, मामांकडे वळून बघत राहिली. त्या खाचरात भाताचं एक रोप नव्हतं, पण ते तिला कोण सांगणार? दुसरं कुत्रं तिच्या बाजूनं उडी मारून गेलं. लोक हसून हसून लोळले. मला रडू फुटलं.

मामांनी शब्द फिरवला नाही. साखळी त्या माणसाच्या हातात दिली आणि आम्ही दोघं घरी आलो. "कुत्री कुठं हाय?" मामीनं विचारलं, आणि मामांचं तोंड बघून तशीच आत गेली.

पुढच्या सुगीला ती उळवीच्या वाटेवरच्या माळावर पळायला आली, नव्या मालकाची होऊन. मामांना बघून तिनं साखळीला ओढ दिली. मामा गर्दीत मागे सरले. गाववाले त्यांच्याभोवती जमलेच. "मामा, कुनावर लावायचं?"

"बदामीवर. डोळं झाकून लावा."

सपाट माळ, बांध नाही की काही नाही. ती वाऱ्यासारखी गेली. सगळ्यांचे खिसे गरम झाले. मामांनी मात्र लावलीच नव्हती. मला असा राग आला! "तुम्हालाच तर ठाऊक होतं, मग का नाही लावली?"

मामांनी न सोडलेल्या गाठीचा टॉवेल खांद्यावर टाकला. "पोरी, तिच्यावर जिकलो असतो, तर ती गेली ते बरंच झालं, असं एकांद्या दिशी वाटलं असतं मला."

मामा जाऊनही आता वर्षं झाली. किती हरायचं ते ठरवून घराबाहेर पडणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली. काय जिंकायचं नाही, हे ठरवून आलेला माणूस मात्र मी तेवढा एकच पाहिला.