पालथ्या होडीखालची गोधडी

दातिवऱ्याच्या मंदाकाकीकडे रोज पहाटे एक कोल्हा यायचा. आम्ही शेजारी तिला चिडवायचो, "काय काकी, जावई येऊन गेला का?" ती हसायची. मुलगी तिला नव्हतीच. मुलगा प्रणव सरावलीला राहतो, कंपनीत पाळीवर जातो, दर रविवारी फोन करतो. म्हणजे आठवण झाली तर.

नवरा विश्राम गेल्यापासून त्याची होडी खाडीकाठी पालथी पडून होती. मासळी साफ झाली की काकी डोकी-आतडी एका जुन्या ताटात घालून तिथे ठेवायची आणि कोल्हा खाईपर्यंत त्याच्याशी बोलत बसायची. दिवसभरात तिचं बोलणं तेवढंच. गेल्या हिवाळ्यात तिने होडीखाली विश्रामची गोधडी अंथरली. पहाटे त्या गोधडीवर कोल्हा पडून राहायचा, दुपारी गावातली खरूज झालेली कुत्री.

महिन्याभरात कोल्ह्याच्या शेपटीचे केस गेले. मग पाठ उघडी पडली, डोळे चिकटले. काकीच्या तोंडचं पाणी पळालं. मीच वनखात्याला फोन लावला. त्यांच्याबरोबर प्राण्यांची डॉक्टर आली, हेमाली नावाची. पिंजरा लावून तिने कोल्ह्याला धरलं आणि होडीखाली वाकून पाहिलं.

"खरजेचे किडे आहेत, मावशी. कातडीत शिरतात. कुत्र्यांकडून गोधडीत आले, गोधडीतून ह्याच्या अंगावर. असंच चाललं तर खाडीच्या तिवरांच्या जंगलातले सगळे कोल्हे मरतील."

"त्याला थंडी लागू नये म्हनून टाकली," काकी म्हणाली. "मी वाईट नाय केलं."

"कळतं मला. पण ती गोधडी जाळा. आणि तो परत आला तर खायला घालू नका. हाकला, नाहीतर कुत्र्यांची खरूज पुन्हा लागेल."

काकीने गोधडी वाळूत जाळली. शेवटच्या आजारपणात विश्राम तीच पांघरायचा, असं ती मला तेव्हा म्हणाली.  मला जावयाच्या थट्टेची लाज वाटली.

कोल्हा बरा झाल्यावर त्याला तिवरांत सोडलं. चौथ्या दिवशी पहाटे तो आला. अंगावर नवी लव, डोळे लख्ख. होडीपाशी हुंगून तो काकीच्या दाराकडे बघत बसला. ती ताट घेऊन बाहेर आली. ताट ओळखून तो दोन पावलं पुढे सरकला.

काकी ते रिकामं ताट उलथन्याने बडवू लागली. "जा रे! जा! हितं कोनी नाय तुझं!"

मी खिडकीतून बघत होतो, तो धावत बाहेर आलो. कोल्हा केव्हाच पळाला होता. समोर कोणीच नव्हतं, आणि काकी अजून ताट बडवत होती.