होळीनंतर सोडायचा स्क्रू

इतवाऱ्यातल्या वामन मिस्त्रीला आपल्या कानांचा भारी अभिमान. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तो तिचा आजार सांगून मोकळा व्हायचा, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. गॅरेजच्या ओट्यावर चहा पीत बसलेल्या चार माणसांच्या देखत, बॉनेट उघडायच्या आत निदान सांगायचं, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. लोक वाहवा करायचे, आणि मिस्त्री काही लाजाळू नव्हता.

त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांत उखर्डू सर होते. वामनला आठवीत गणित शिकवलेले. आता पंचाहत्तरी गाठलेली, पण सत्त्याण्णव सालची पांढरी मारुती अजून स्वतः चालवायचे. दर गुरुवारी पत्नी कमलकाकूंना शेजारी बसवून असीरगढच्या त्यांच्या माहेरी न्यायचं आणि उजेडी परतायचं, हा त्यांचा नेम होता.

एप्रिलात ती गाडी अडून बसायला लागली. सकाळी दहा-दहा वेळा चावी फिरवावी तेव्हा सुरू व्हायची, आणि झाली की मागून काळा धूर, पेट्रोलचा वास. सर आणि त्यांचा मुलगा जीवन गाडी घेऊन आले. वामननं एक प्लग काढला. काजळीनं काळाकुट्ट. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. अशा वेळी काय करायचं हे वामन झोपेतही सांगेल. आधी एअर फिल्टरचं झाकण काढायचं, खाली चोकची पट्टी बघायची, मगच तोंड उघडायचं. थंडीत हवा अडवून पेट्रोल वाढवते ती ही पट्टी. इंजिन तापलं की चालकासमोरचं बाहेर ओढलेलं बटण आत ढकलून ती उघडायची असते. पण ओट्यावर माणसं बसली होती, चहा नुकताच आला होता, आणि झाकणाला हात लावायच्या आधीच मिस्त्री बोलून गेला.

"सर, तुम्ही चोक खींचून ठेवता अन् मग भूलून जाता."

"नाही रे वामन. मी आत ढकलतो. रोज ढकलतो."

"ढकलत असाल. पण ध्यानात राहत नसंल. उमर झाली ना आता."

ओट्यावरचे हसले. जीवनही हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वामननं प्लग घासून बसवले आणि गाडी सुरू झाली. स्वच्छ प्लगांवर कुठलीही गाडी आठ दिवस चालते. नवव्या दिवशी ती परत दारात उभी. असं तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा वामननं तेच वाक्य ऐकवलं, तिसऱ्यांदा तर जरा चढ्या आवाजात.

जीवनच्या मनात ते घर करून बसलं. एकदा बापाचा चष्मा फ्रिजवर सापडला होता, एकदा दाराची कडी राहिली होती. त्यानं सगळं जोडलं आणि गाडीची चावी कपाटात ठेवून दिली. सर वाद घालायला उठले नाहीत. गुरुवारचं असीरगढ बंद झालं.

मेच्या अखेरीस जीवन एकटाच गाडी घेऊन आला. गाडी विकायला काढली होती, खकनारचा एक जण रविवारी ती बघायला येणार होता, तेव्हा धुराचं काहीतरी करा असं सांगून जीवन बाजारात निघून गेला. ओट्यावर त्या दुपारी कोणी नव्हतं. वामननं एप्रिलपासून पहिल्यांदाच फिल्टरचं झाकण काढलं. समोरचं बटण पूर्ण आत होतं आणि पट्टी मात्र अर्धी मिटलेली. बटणापासून पट्टीपर्यंत येणारी तार स्क्रूनं कुठं धरलीय ते त्यानं पाहिलं. स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

तो ठिपका त्याचा स्वतःचा होता. दिवाळीनंतर जुन्या गिऱ्हाइकांच्या चोकची तार तो किंचित आखूड धरायचा, म्हणजे पट्टी थोडी मिटलेलीच राहून थंडीत गाडी एका चावीत सुरू व्हावी. होळीनंतर ती सोडायची विसरू नये म्हणून बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. या होळीला तो मुलीच्या बाळंतपणासाठी जळगावला होता. आल्यावर बाकी सगळ्यांच्या तारा सोडल्या. सरांची राहिली.

विसरला होता तो स्वतः, आणि भरल्या ओट्यावर विसरभोळे ठरवले होते सरांना.

त्यानं स्क्रू ढिला केला, तार सोडली, प्लग पुसले. गाडी एका चावीत सुरू झाली, धुराचा मागमूस नाही. जीवन आला, खूश झाला. "काय होतं?"

"कचरा होता," वामन म्हणाला.

हे खोटं मात्र त्याला पचेना. कोणी गाडी घेऊन आलं की तो नुसता "बघू" म्हणायचा, आणि ओट्यावरचे एकमेकांकडे बघायचे. रविवारी सकाळी त्यानं हात धुतले आणि सरांचं घर गाठलं.

दार सुनेनं, तेजस्विनीनं उघडलं. आत भिंतीवर सरांच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. 'गॅस बंद केला का?' 'कडी लावली का?' 'गोळी घेतली का?'

"हे कोणी लावलं, ताई?"

"स्वतःच लावतात. रोज एखादी वाढते," ती हळूच म्हणाली.

वामनला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण जीवनला हाक मारून त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. ठिपका, जळगाव, झाकण न उघडता मारलेल्या बाता, कचऱ्याचं खोटं, काहीही लपवून ठेवलं नाही. "सर, तुम्ही बरोबर होता. चुकलो मी. ओट्यावर पण सांगेन, सगळ्यांसमोर."

सर म्हणाले, "बटण आत ढकलल्याचं मला रोज आठवायचं, वामन. बोटाला जाणवायचं ते. पण तू एवढा जाणकार. मला वाटलं, आठवतंय तेच खोटं असेल."

जीवननं मान खाली घातली. खकनारच्या माणसाला त्यानं फोनवरच नको म्हणून कळवलं आणि कपाटातली चावी आणून वडिलांच्या हातात दिली. कमलकाकू तेवढ्यात असीरगढला जायला लुगडं बदलूनही आल्या.

सर गाडीत बसले. चावी लावली, पण फिरवली नाही.

"वामन, चोक आत आहे ना? बघ बरं जरा."

बटण त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. वामननं खिडकीतून हात घालून ते अंगठ्यानं दाबलं.

"आत आहे, सर."

"नक्की?" सरांनी विचारलं, आणि जीवनकडे पाहिलं.