चपला बाहेर

आखातात, अल अमेरातला लेकाकडे आले की माझं काहीतरी मोडतंच. या खेपेला देव्हाऱ्याचं दार निखळलं, ते घेऊन सुताराकडे गेले. सुतार श्रीलंकेचा, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल. मी आत पाऊल टाकलं तर मान वर न करता म्हणाला, "अम्मा, चप्पल बाहर."

दुकानभर भुसा आणि खिळे, आणि म्हणे चपला बाहेर. बघते तर दोन स्टुलांवर एक कोरीव खांब आडवा ठेवलेला. त्याच्या गावच्या जुन्या लाकडी बुद्धमंदिराचा एक खांब वाळवीनं खाल्ला होता, त्याच्या जागी हा नवा. माप म्हणजे गेल्या रजेत जुन्या खांबाला गुंडाळून आणलेला दोरा. बोटभर चुकलं तर वर्षाची मेहनत फुकट, आणि बसवायला स्वतः जावं तर अर्बाब, म्हणजे त्याचा अरब मालक, रजा देईना.

"अजून लाकूडच आहे ना हे?" मी म्हटलं.

"तिथं गेल्यावर ह्याला कोण सांगणार, आता तू मंदिर झालास म्हणून?" तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "इथूनच सवय लावतोय."

माझं दार दोन महिन्यांनी मिळालं. आधी बुद्ध, मग माझे देव, हे त्यानं परस्पर ठरवलं होतं. खांब केव्हाच बोटीनं गेला होता.

"बसला का नीट?" मी विचारलं.

त्यानं मोबाइल पुढे धरला. काळ्या पडलेल्या जुन्या खांबांच्या रांगेत नवा खांब ताठ उभा होता, कुठं फट नाही. तो मात्र बोटांनी फोटोचा कोपराच मोठा करत होता.

"हा माझा भाऊ," तो म्हणाला. "चप्पल घालून उभा आहे."

मी खाली पाहिलं. दुकानात आता खांब नव्हता, तरी माझ्या चपला बाहेरच होत्या. त्याच्याही.