मापात न आलेली भिंत

“डोंगरातली पोरगी आहे हो. कोट्यातून शिकलेली. समजून घ्या.”

मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. तरी तो हे बोलला. समोर वसतिगृह बांधणाऱ्या संस्थेचे चार ट्रस्टी आणि पुण्याचा आर्किटेक्ट. सगळे हसले. चहा आलेला. मला कप नव्हता.

तो म्हणजे माझा साहेब. मंचरला त्याचं ऑफिस. बापजाद्यांची बागायत, हातात तीन अंगठ्या, नावाआधी इंजिनीअर. कॉम्प्युटर त्यानं कधी स्वतः चालू केलेला मी पाहिला नाही.

काम मी करायचे. आर्किटेक्ट बिल्डिंगचं मॉडेल एका सॉफ्टवेअरमध्ये करतो. काँक्रीट किती, वीट किती, लोखंड किती, हे काढणारं सॉफ्टवेअर वेगळं. एकातलं दुसऱ्यात नेताना वस्तू गळतात. भिंत चित्रात दिसते, पण दुसरं सॉफ्टवेअर तिला भिंत म्हणून ओळखत नाही. मग ते तिचं माप धरतच नाही. कागदावर ती भिंत नसतेच.

या वेळी काम होतं तळेघरच्या बाजूला, पोरींच्या वसतिगृहाचं. आमच्या गावापासून चालत जाण्यासारखं. गळाली होती ती मागची आधारभिंत, डोंगराची माती अडवणारी.

मी सांगायला गेले. “सर, मागची आधारभिंत मापात आली नाय. आर्किटेक्टकडून फाइल परत मागवू का?”

त्यानं मोबाइलवरची नजर काढली नाही. “तुझ्या बापानं बांधल्यात का भिंती? पाठव आहे तशी.”

माझ्या बापानं भिंती बांधल्याच होत्या. भीमाशंकरच्या रस्त्याच्या कडेनं, रोजावर, उन्हात. त्यांवर टेकून हा माणूस यात्रेचे फोटो काढतो. पण मी गप्प राहिले. आणि पाठवली.

गप्प राहायची सवय त्यानंच लावली होती. डब्यात नाचणीची भाकरी बघून तो म्हणाला होता, “हे खाता म्हणून रंग असा.” तेव्हापासून मी जिन्यात बसून जेवायचे.

तर मीटिंग. आर्किटेक्टनं मापाचे कागद बघून विचारलं, “आधारभिंत कुठाय?” साहेबानं कागद उलटेपालटे केले. मग ते डोंगरातली पोरगी वगैरे. आणि मग माझ्याकडे वळून, लहान पोराला दरडावावं तसं, “सॉरी म्हण त्यांना.”

डोळ्यांत पाणी येणार असं वाटलं. आलं नाही.

“मी नाय म्हणणार.”

“काय?”

“सॉरी नाय म्हणणार. भिंत आली नाय ते मी तुमाला सांगितलं व्हतं. तुमी म्हणला, पाठव. पावसात तिकडं डोंगर खाली येतो. तिथं पोरी झोपणार हायेत.”

मग एक ट्रस्टी, पांढरा सदरा, कपाळाला गंध, म्हणाला, “मुली, मोठ्या माणसांशी असं बोलू नये.”

बघा. शेजारच्या खोलीत देवांचे फोटो लावून समाजसेवा करणारी माणसं. पोरींच्या डोक्यावर दरड येईल, त्याचं काही नाही. माझा आवाज मात्र टोचला. मी पर्स उचलली आणि निघाले. दरवाजाशी ऐकू आलं, “यांना वर घेतलं की असंच होतं.”

भिंत नंतर मापात आली. आर्किटेक्टनं फाइल दुरुस्त करून पाठवली. आता ती उभीपण राहिलीय. माझं नाव कुठं निघालं नाही.

मीटिंगनंतर मी ऑफिसात परत गेलेच नाही. आठवड्यानं साहेबाचा फोन आला. त्याच्याकडे फाइल इकडची तिकडे करणारं दुसरं कुणी नव्हतं.

“माफी माग, परत घेतो. मोठं मन आहे माझं.”

“ते ठेवा तुमच्यापाशीच,” मी म्हणाले आणि फोन कापला.

आई म्हणाली, “पडतं घ्यायचं गं. आपल्याला लई माज परवडत नाय.” आईनं जन्मभर पडतं घेतलं. तिच्या वाट्याला काय आलं ते मी बघितलंय.

आता जुन्नरला दुसऱ्या ऑफिसात तेच काम करते. इथले साहेबही काही देव नाहीत. पहिल्याच आठवड्यात हसत विचारलं, “मॅडम, तुम्ही कोणत्या कोट्यातल्या?”

मी स्क्रीनवरून मान वळवली. “कामाचं विचारा.”

ते हसायचे थांबले. ही नोकरीही जाईल कदाचित. जाऊ दे. पण माझ्या देखत माझ्या जातीवर, गावावर, ताटावर कुणी तोंड टाकलं तर ते तिथंच, चार माणसांत, त्याच्या तोंडावर परत फेकणार. दर वेळी.