बारशाआधी गेलेली

हबीबसाहेब गेल्याला महिना झाला. त्यांना सांगू शकलो नाही, दुसऱ्याही कुणाला कधी सांगितलं नाही, ते आता लिहितो... तामलवाडीचे आकडे मी चुकवले होते.

निजामी अमदानीत धाराशिवच्या एका कचेरीत आम्ही दोघं कारकून. ते बरेच वडील. जन्मलेल्या शंभर लेकरांतली किती वर्षाची होतात, किती पाच वर्षांची, हे काढायचा त्यांना ध्यास. जन्ममृत्यूच्या नोंदी धड नव्हत्या, म्हणून आयांनाच विचारायचं: किती झाली, किती हयात. "बाईचं वय नको विचारूस मियाँ, ते कुणालाच ठाऊक नसतं. लग्नाला किती सुगी झाल्या ते विचार." जितक्या सुगी, तितकी लेकरं मोठी, त्यावरून कुठल्या वयापर्यंत किती टिकतात याचा ते अंदाज बांधत.

तामलवाडी माझ्याकडं होती. पहिल्याच घरची बाई म्हणाली, "तीन झाली, तीन हायत."

"आन् मधली गं?" शेजारणीनं विचारलं.

"तिचं बारसं कुठं झालतं? नाव न्हाय ते काय मोजायचं? लिवा हो तुमी, तीनच. का सरकार आता पाळण्यावर बी पट्टी बसवणार हाय?"

मी तीनच लिहिलं. बारशाआधीचंही विचार, असं साहेबांनी बजावलं होतं. पण पुढं एकाही दारात माझ्यानं ते विचारवलं नाही. चारच महिन्यांपूर्वी माझी मुलगी नवव्या दिवशी गेली होती. कचेरीत मी रजासुद्धा मागितली नव्हती.

लेकरं टिकण्याच्या तक्त्यात तामलवाडी सगळ्यांत वर आली. मग शिकलेली एकुलती एक सुईण दुसऱ्या गावाला दिली गेली. अजून चीड येते, माझी आणि त्यांचीही. स्वतःची बेरीज तीनदा तपासणारा हा माणूस, त्याला माझी शंका का येऊ नये?

निजामी गेली, कचेऱ्या बदलल्या. दर ईदला मी त्यांच्याकडं जायचो आणि दरवेळी ते म्हणायचे, "वो गाँव समझ में नहीं आया, मियाँ." मी मान खाली घालून शीरखुर्मा खायचो.

त्यांचं देणं आता फिटायचं नाही. तामलवाडीत त्या वेळच्या आयांतल्या काही म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांच्या दारी जाऊन पुन्हा विचारायचंय. पण आधी घरी. मुलं किती, असं कुणी विचारलं की बायको "दोन" म्हणते आणि माझ्याकडं बघते. "तीन" म्हणायचं मी तिला देणं लागतो.