सोळा फुटांची डिश आणि पार्बताबाई

वैशाखात आंधी सुटली की नागपूरची माणसं आधी गच्चीवरच्या कुरड्या उचलतात आणि मग दारं लावून घेतात. पार्बताबाई त्या दिवशी नेमक्या आंधीतच घराबाहेर पडल्या, सायकलरिक्षा करून आमच्या कॉलेजात आल्या आणि पदर डोक्याभोवती घट्ट गुंडाळून माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. हातात मिरचीची पोती तोलायचा स्प्रिंगचा काटा.

"चला सर, वारा आला," त्या म्हणाल्या. "आता मोजू."

काय मोजायचं होतं ते सांगतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एका खाजगी तंत्रनिकेतनात हंगामी व्याख्याता होतो. कॉलेजच्या गच्चीवर आम्ही लोखंडी पट्ट्या आणि जाळी वापरून सोळा फुटांची डिश उभी केली होती. एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे तिचं तोंड वळवायला मोटर हवी होती. प्राचार्यांनी मला स्पष्ट बजावलं होतं, "जूनमध्ये संस्थेचे अध्यक्ष येतील. डिश नीट फिरली तर तुम्ही कायम. नाही तर तुम्ही मोकळे." माझं लग्न ठरलेलं. मोकळं होणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

पार्बताबाई नागपूरच्या सदर भागातल्या एका बोळात मोटरी भरायच्या; कॉलेजच्या मोटरी घेऊन मी त्यांच्याकडेच जायचो. मोटर भरणं म्हणजे जळालेल्या मोटरमधली तार काढून नवी गुंडाळणं. मूळच्या उमरेडच्या, विणकराच्या घरातल्या. हातमाग बंद पडला तेव्हा नवऱ्यानं हा धंदा धरला, पुढे त्याची नजर अधू झाली आणि बाईंनी त्याच्याच स्टुलावर बैठक मारली. "सूत काय न तार काय," त्या म्हणायच्या, "बोटाले ताण समजला पाहिजे." कोणी मोटर घेऊन आलं की किती हॉर्सपॉवरची, हे त्या विचारतच नसत. पहिला प्रश्न ठरलेला, "अडली तं काय करते?" एकदा एक पिठाच्या गिरणीवाला माझ्यादेखत चिडला. "बाई, माझी मोटर झकास चालते!" बाईंनी मानही वर केली नाही. "चालते तं सगळ्याईचीच. अडली तं काय करते ते सांगा न." गिरणीवाला डोकं खाजवत आपल्या मोटरकडे बघू लागला. खरं सांगायचं तर ते मलाही सांगता आलं नसतं.

डिशचं वजन सहाशे किलो, तेव्हा मोटर तीन हॉर्सपॉवरची हवी, असं प्राचार्यांचं मत होतं. मीही वहीत आकडेमोड करून तिथंच पोचलो होतो. ती वही बघून बाई पोट धरून हसल्या. "काहून गा सर, डिश डोक्यावर घेऊन जाऊन राहिले का? ती तं आपल्या खांबावर बसली आहे. तिले फिरवाले वजन नाही आडवं येत, वारा येते." म्हणून हा काटा. त्यांच्या दिरानं भिवापूरच्या मिरची बाजारातून आणलेला.

गच्चीवर धुळीनं डोळे उघडत नव्हते. आम्ही डिशच्या काठाला दोर बांधला, दोराला काटा अडकवला आणि दोघं मिळून ओढू लागलो. काट्यात वर्षानुवर्षं साठलेली मिरचीची पूड वाऱ्यानं उडाली आणि आमच्या नाकातोंडात गेली. मी सटासट शिंकत होतो आणि बाई ओरडत होत्या, "शिंका मंग! आकडा वाचा आधी!" डिश हलली तेव्हा काटा बत्तीस किलोवर होता.

"दुप्पट धरा, चौसष्ट," बाई म्हणाल्या. "अर्ध्या हॉर्सपॉवरची पुरन. मधात असा गिअर घ्या का वाऱ्यानं ढकललं तरी डिश उलटी नाही फिरली पाहिजे. न पट्टा थोडा ढिला ठेवा."

"पण अडली तर पट्टा घसरेल ना!"

"घसरलाच पाहिजे. मागावर आमी सूत तुटू देतो गा, माग नाही मोडू देत."

मला पटलं. अगदी शंभर टक्के पटलं. पण प्राचार्य म्हणाले, "अध्यक्षांना काय अर्धा हॉर्सपॉवर दाखवायचा? शोभतं का?" आणि मी शेपूट घातली. बाईंनी निवडून आणलेली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर कपाटात गेली, पट्टा घट्ट आवळून तीन हॉर्सपॉवरची डिशला लागली. अध्यक्ष यायच्या आठवडाभर आधी चाचणी घेतली. रंगाऱ्याची शिडी डिशच्या मागे राहिली होती. डिश शिडीला अडली, पण मोटरला त्याचं काही नाही, ती आपली ओढतच राहिली. बटण बंद करेपर्यंत डिशच्या चार लोखंडी पट्ट्या वाकल्या होत्या. "आता तुमचं तुम्ही निस्तरा," म्हणून प्राचार्य जिना उतरून गेले.

मी तसाच सदरला गेलो. माझा चेहरा बघून बाईंनी हातातली तार खाली ठेवली.

"तुमाले माहीत होतं न गा? मंग चूप काहून राहिले?"

"नोकरी जाईल म्हणून."

"मंग वाचली का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई चपला घालून माझ्यासोबत कॉलेजात निघाल्या. चार दिवस रोज आल्या, उन्हात उभं राहून पट्ट्या सरळ करून घेतल्या आणि आपली मोटर स्वतःच्या हातानं बसवली.

अध्यक्ष आले. धिप्पाड गृहस्थ. मोटर पाहून म्हणाले, "एवढीशी?" प्राचार्यांनी माझ्याकडे बोट दाखवायला हात उचललाच होता, तेवढ्यात पार्बताबाई पुढे झाल्या. "साहेब, धरा तिले. तुमी दोघंही धरा." त्यांच्या आवाजापुढं कोणाची नाही म्हणायची छाती होती! अध्यक्ष आणि प्राचार्य फिरत्या डिशच्या काठाला लोंबकळले, पाय कठड्याला रोवून. पट्टा चींऽऽ करत घसरला. डिश जागच्या जागी थांबली. "सोडा," बाई म्हणाल्या. त्यांनी सोडली, आणि डिश शांतपणे पुढे निघाली.

अध्यक्ष घाम पुसत लहान पोरासारखे हसत होते. "मोटर कोणी निवडली?"

"आमच्या विभागानं—" प्राचार्यांनी सुरुवात केली.

"पार्बताबाईंनी," मी म्हणालो. "मला कळलं होतं, तरी मी गप्प बसलो. म्हणून आधी डिश वाकली."

अध्यक्षांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बाईंकडे वळले. "मग तुम्हीच सांगा बाई. ठेवू का याला?"

"ठेवा न," पार्बताबाई म्हणाल्या. "काटा बरोबर वाचते. बोलाले थोडा टाइम लागते, पन बोलते."