लाडवांत काय घातलं होतं

माझा मुलगा साडेपाच फुटांचा आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही, मीच जन्म दिलाय त्याला. तरी दर रविवारी इथे अमेरिकेतल्या आमच्या विहारात वंदना संपून चहाचे कप हातात आले की कुणीतरी काका विचारायचेच, हा खरंच अमेरिकन फुटबॉल खेळतो? त्या रेड्यांमध्ये? खेळतो हो. कॉलेजच्या टीममध्ये आहे, आणि वसंतात त्याच कॉलेजसाठी शंभर मीटर धावतो. समोरच्यांनी लाथेने उडवलेला बॉल झेलायचा आणि जीव तोडून पळत सुटायचं, हे त्याचं काम. ते दांडगे त्याला धरायला खाली वाकेपर्यंत हा पलीकडे गेलेला असतो.

माझं डोकं खाल्लं ते त्याच्या दोन कोचांनी. फुटबॉलवाला म्हणे, दहा पाउंड वाढव, नाहीतर कुणीतरी तुला मोडून ठेवेल. धावण्याचा कोच म्हणे, एक पाउंड जरी वाढवलास तर माझ्याकडे येऊ नकोस. अरे, एकाच इमारतीत बसता ना, मग आपसात बोला की. ते बोलायचे नाहीत आणि हा मला फोन करायचा. सकाळी मी ड्राइव्ह करत असताना, संध्याकाळी कांदा चिरत असताना, विषय एकच, वजन. ऑफिसला पोचेपर्यंत त्या दोघांना मी मनातल्या मनात मराठीत झोडून काढलेलं असायचं.

त्या ऑक्टोबरात नागपूरहून माझी मावशी आली. येताना कॉफीच्या जुन्या बाटलीत खाकी रंगाचं चूर्ण घेऊन आली. ओळखीच्या वैद्यांनी करून दिलंय, पोरगं कसं भरतं ते बघ, म्हणाली.

इथे माझं काम काय ते सांगायलाच हवं, लाज वाटली तरी. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटीच्या लॅबमध्ये आहे. लेबल नसलेली बाटली आमच्याकडे दारातून आत येत नाही. लेबलवर सही नसेल तर मी ज्युनियरला परत पाठवते, आणि नुसती पाठवत नाही, चार शब्द सुनावते. तीच मी घरी येऊन डिंकाच्या लाडवांत त्या बिनलेबलाच्या चूर्णाचे चार मोठे चमचे घातले, कडू लागू नये म्हणून गूळ वाढवला, आणि दोन तास गाडी चालवून डबा त्याच्या खोलीवर नेऊन दिला. मावशीने आणलेलं, आपल्या हातचं, त्याला कसली आलीय तपासणी? अशी माझी अक्कल.

डबा संपला. वजन तीन पाउंडांनी वाढलं. मी खुशीत येऊन फोनवर सांगून टाकलं, बघ, लाडवांतल्या चूर्णाचा गुण आला. तो म्हणाला, "व्हॉट चूर्ण?"

त्यांच्याकडे नियम असा, की जेवण सोडून जे काही पोटात जाईल, पावडर, गोळी, काढा, ते आधी टीमच्या ट्रेनर बाईंना दाखवायचं. बंदी घातलेलं काही शरीरात सापडलं तर वर्षभर खेळ बंद. मी त्याला म्हटलं, अरे, डबा संपलाय, कुणाला कळणार आहे? हो, म्हटलं मी असं. त्याने फोन ठेवला आणि आपल्या पायाने जाऊन सगळं सांगून आला.

मावशी तोवर परत गेली होती, मी लगेच नागपूरला फोन लावला. मावशी म्हणाली, वैद्य कुणालाच सांगत नाहीत गं, त्यांच्या घराण्याचं औषध आहे. दुसऱ्या दिवशी ट्रेनर बाईंचा फोन आला, माझा मुलगाही त्यांच्या शेजारी बसलेला. चूर्णात काय काय होतं, एवढंच त्यांनी विचारलं, तेही शांतपणे. हाच प्रश्न विचारून लोकांना फाडून खाणारी मी, म्हणाले, आय डोन्ट नो. मग बाईंनी त्याला विचारलं, खाण्याआधी तू का नाही विचारलंस?

तो म्हणाला, "माय मॉम टेस्ट्स मेडिसिन्स. मला वाटलं, तिने चेक केलं असेल."

त्यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

त्याच्या लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत खेळायचं नाही, असं ठरलं. त्यात सीझनची शेवटची मॅच गेली. मी गेले होते बघायला. तो कडेला जॅकेट घालून उभा, सगळ्यांच्या खांद्याखाली. त्याच्या जागी एक उंच पोरगा उभा केला होता, त्याच्या हातून बॉल निसटला, आणि हा टाळ्या वाजवून त्यालाच धीर देत होता. मी मावशीवर चिडून पाहिलं, वैद्यावर चिडून पाहिलं, दोन्ही कोचांवर तर सवयीनेच चिडले. काही उपयोग झाला नाही.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. विहारात सगळे म्हणाले, चला, सुटलात. तो माझ्यावर रागावलाही नाही. निदान भांडला असता, तर मीही भांडले असते.

सुट्टीत घरी आला. सकाळी मी पोहे केले आणि प्लेट पुढे ठेवली. चमचा उचलायच्या आधी तो थांबला, आणि अगदी मऊ आवाजात, मराठीत म्हणाला, "आई, यात काय आहे?"

पोहे होते. दोन वर्षांचा असल्यापासून खातोय तेच. संताप ओठांपर्यंत आला होता, तो गिळला आणि सांगितलं, पोहे, कांदा, बटाटा, शेंगदाणे, मोहरी, हळद, मीठ.

"आणखी काही?"

"नाही," मी म्हणाले.

मग तो खायला लागला.